डासाचें दुसरें अन्न

हिवताप डासापासून होतो, ही गोष्ट आतां मराठी चौथीच्या मुलासही ठाऊक आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबाद येथें रोनाल्ड रॉस यांनीं एका डासाच्या पोटांत हिवतापाचे जंतु पाहिले. तेव्हांपासून डास म्हणजे रक्त पिणारा प्राणी, अशी आपली पक्की समजूत होऊन बसली आहे. ही समजूत खोटी नव्हे, परंतु अर्धी आहे. डासाचें नित्याचें अन्न रक्त नसून झाडाझुडपांचा गोड रस हें आहे. नर डास तर जन्मभर रक्ताला शिवत नाहीं; त्याच्या सोंडेची रचनाच त्या कामाची नाहीं. मादी रक्त पिते ती अंडीं पोसण्यासाठीं. उडण्यासाठीं आणि जीव धरून राहण्यासाठीं तिलाही फुलांतील मधुरस, पिकून फुटलेल्या फळांचा रस, किंवा पिकावर मावा पडला म्हणजे पानांवर जो चिकटा येतो तो लागतो. हें सर्व कीटकशास्त्रज्ञांस फार दिवसांपासून माहीत होतें. परंतु मादीनें कोणत्या झाडावर पोट भरलें यावर माणसाला होणाऱ्या रोगाचें प्रमाण अवलंबून असतें, हा विचार अलीकडच्या वीसपंचवीस वर्षांतच बळावला आहे. आमच्या आटपाडी तालुक्यास तो फार जवळचा आहे. कसा, तें पुढें येईलच.

मादीच्या पोटाची रचना मोठी मौजेची आहे. रक्त सरळ जठरांत जातें व तेथें पचूं लागतें. गोड रस मात्र आधीं एका निराळ्या थैलींत सांठतो, आणि तेथून लागेल तसा थोडाथोडा पुढें सोडला जातो. सुगीचें सगळें धान्य एकदम जात्यांत न घालतां कणगींत भरून ठेवावें आणि रोजच्यापुरतें काढावें, तसाच हा प्रकार होय. रानांतून धरून आणलेला डास झाडाचा रस प्याला आहे कीं नाहीं, हें ओळखण्याची युक्तिही सोपी आहे. फळांत व मधांत असणारी फळशर्करा रक्तांत जवळजवळ नसते. म्हणून डासाच्या पोटांत ती सांपडली कीं तो झाडावर जेवून आला हें सिद्ध झालें. अलीकडे तर पोटांतील अंशावरून झाड कोणतें होतें हेंही सांगतां येतें. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका शोधांत निरनिराळ्या देशांतील वाळूमाश्यांच्या पोटांत भांगेच्या झाडाचा अंश वारंवार मिळाला. माशीलाही व्यसन लागतें कीं काय, असें गमतीनें म्हणावेंसें वाटतें.

या विषयाचा पहिला मोठा धडा आपल्याच देशांत मिळाला, आणि तो मिळाला बेदाण्यावरून. आपल्या जिल्ह्यांतील तासगांवचा बेदाणा सर्व देशांत जातो. तेव्हां ही हकीकत आमच्या वाचकांनीं अवश्य ऐकण्यासारखी आहे.

बिहार, बंगाल व आसाम या प्रांतांत काळा आजार नांवाचा एक भयंकर ताप असे. महिनेच्या महिने ताप हटत नाहीं, पाणथरी वाढून पोट पुढें येतें, अंग काळवंडतें, आणि औषध न मिळाल्यास रोगी बहुधा दगावतो. या रोगाचा जंतु लीशमन व डोनोवन या दोन डॉक्टरांनीं १९०३ सालीं जगापुढें आणला. तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो कसा, हें कोडें मात्र सुटेना. १९२४ सालीं कलकत्त्यास नोल्स, नेपियर व स्मिथ यांस असें दिसून आलें कीं, वाळूमाशीनें रोग्याचें रक्त प्याल्यावर तिच्या पोटांत हे जंतु वाढतात. वाळूमाशी डासाहूनही लहान असते. तिच्या अंगावर केंस असतात, आणि तिची पैदास गोठ्यांतील ओलसर मातींत व भिंतींच्या भेगांत होते. आतां ही माशी निरोगी प्राण्यास चावविली म्हणजे काम झालें, असें कोणासही वाटेल. परंतु पुढें पंधरा वर्षेंपर्यंत अनेक विद्वानांनीं हजारों माश्या खर्ची घातल्या तरी चाव्यानें रोग देतां येईना. प्रयोगशाळेंत या माश्यांस रक्तावर रक्त पाजीत, आणि त्या मरून जात. ज्या जगत त्यांच्या चाव्यानें कांहींच होत नसे.

तेव्हां स्मिथ यांनीं आपले सहकारी हलदर व अहमद यांच्यासह निराळीच तजवीज केली. रोग्याचें रक्त प्यालेल्या माश्यांस त्यांनीं दुसऱ्यांदा रक्त न देतां ओले बेदाणे चोखावयास ठेविले. एवढ्यानें सारें चित्र पालटलें. माश्या जगल्या, आणि त्यांच्या पोटांतील जंतु इतके माजले कीं त्यांनीं माशीचा घसा तुंबवून टाकिला. पाटाच्या मोरींत गाळ बसला म्हणजे पाणी पुढें न जातां मागें उसळी मारतें. तसेंच या माशीचें होतें. ती रक्त ओढूं जाते, पण तें आंत जात नाहीं. मग ती पुन्हा पुन्हा डंख करिते, आणि प्रत्येक डंखाबरोबर घशांतील जंतु जखमेंत ओकते. १९४१ च्या सुमारास या रीतीनें प्रयोगाच्या लहान प्राण्यांस रोग देतां आला, आणि १९४२ सालीं स्वामीनाथ, शॉर्ट व अँडरसन यांनीं आसामांत स्वेच्छेनें पुढें आलेल्या माणसांवर तो सिद्ध करून दाखविला. अठरा वर्षांचें कोडें मूठभर बेदाण्यांनीं सुटलें. रानांतील माशी झाडांचा रस पिऊनच जगत असते, ही साधी गोष्ट प्रयोगशाळेंत कोणाच्या ध्यानीं आली नव्हती, एवढेंच.

येथें एक गोष्ट सांगून ठेविली पाहिजे. २०१८ सालच्या संशोधनांत असें आढळलें आहे कीं, दुसऱ्या वेळीं निरोगी रक्त मिळालें तरीही माशीच्या पोटांतील जंतु फार वाढतात. म्हणजे गोड रस हेंच एक कारण आहे असें नव्हे. परंतु त्या दुसऱ्या रक्तापर्यंत माशी जिवंत राहिली पाहिजे, आणि मधल्या दिवसांत तिला जगविणारा तो गोड रसच होय. काळ्या आजाराचें बोलावयाचें तर भारतांत तो आतां फारच उतरला आहे. दर तालुक्यांत दहा हजार लोकसंख्येमागें वर्षास एकाहून कमी रोगी, हें ठरविलेलें ध्येय २०२३ सालीं गांठलें गेलें.

आतां हिवतापाकडे वळूं. महसूल खात्यांत आमचें आयुष्य आंकडेमोडींत गेलें. तेव्हां वाचकांनीं थोडा हिशेब सोसावा. डासाच्या मादीनें रोग्याचें रक्त प्यालें तरी ती त्याच रात्रीं दुसऱ्यास रोग देऊं शकत नाहीं. जंतु तिच्या जठराच्या भिंतींत वाढून तेथून लाळेच्या पिंडांत पोंचण्यास, हवा उबदार असतांही, सुमारें १० ते १२ दिवस लागतात. थंडींत याहून अधिक. तोंवर मादी मेली तर जंतुही तिच्याबरोबर संपला. समजा, १०० माद्या एकाच रात्रीं रोग्याचें रक्त प्याल्या. रोज दर दहांतील नऊ जगतात असें धरिलें, तर बाराव्या दिवशीं २८ उरतील. रोज दर दहांतील आठच जगल्या, तर बाराव्या दिवशीं उरतील फक्त ७. रोजच्या हिशेबांत दहांमागें एकाचाच फरक. पण रोग पसरविणाऱ्या माद्या चौपटीनें कमी झाल्या. चक्रवाढ व्याज ज्यानें सावकारास दिलें आहे, त्यास हें अधिक समजावून सांगण्याची गरज नाहीं.

यावर कोणी विचारील कीं, गोड रस न मिळाला तर उपाशी मादी माणसासच अधिक चावेल. मग लाभ तो काय? शंका रास्त आहे. रस न मिळालेल्या माद्या अधिक वेळां चावतात, हें प्रयोगांत दिसलेलें आहे. रोग पसरण्यास दोन चावे लागतात, एक जंतु घेण्यासाठीं व एक देण्यासाठीं. म्हणून चावे दीडपट झाले तर धोका दीडाची दीडपट म्हणजे सव्वादोनपट होतो. परंतु वरच्या उदाहरणांत आयुष्य घटल्यानें तो चौपटीनें उतरला. शिवाय ज्या थोड्या माद्या उरतात त्याही पुढें फार दिवस जगत नाहींत. उदाहरणाचे आंकडे आम्हीं सोयीसाठीं घेतले आहेत. पण पारडें कोणीकडे झुकतें हें त्यावरून कळेल.

पारडें प्रत्यक्ष रानांत कसें झुकतें, हें इस्राएलच्या वाळवंटांतील दोन हिरव्या ठिकाणांवरून दिसून आलें. एका ठिकाणीं बाभळीच्या जातीचीं झाडें फुललेलीं होतीं; दुसऱ्या ठिकाणीं फुलें जवळजवळ नव्हतीं. डासांची जात एकच. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासांत दोन ठिकाणच्या डासांची हिवताप पसरविण्याची शक्ति मोजली, तेव्हां फुलांच्या ठिकाणीं ती अडीचशें पटींहून अधिक भरली. पाणी दोन्हीकडे होतें, डासही होते; एका ठिकाणीं त्यांस दीर्घायुष्य होतें, दुसरीकडे नव्हतें.

पुढची हकीकत तर आमच्या दारांतलीच आहे. आफ्रिकेंतील माली देशांत बांदियागारा म्हणून एक कोरडा जिल्हा आहे. तेथेंही आपल्याकडील वेडी बाभूळ माजलेली आहे. संशोधकांनीं नऊ गांवें निवडलीं. सहा गांवांत वेडी बाभूळ होती, तिहींत नव्हती. त्या सहांपैकीं तीन गांवांत त्यांनीं घरांभोंवतालच्या झाडांच्या फुललेल्या फांद्या तेवढ्या छाटून टाकिल्या. झाडें तोडलीं नाहींत, औषध फवारलें नाहीं, पाणी उपसलें नाहीं. तरी सांपळ्यांत सांपडणारे डास जवळजवळ साठ टक्क्यांनीं कमी झाले. आणि त्यांतही ज्यांच्यापासून खरें भय, त्या वयस्क माद्या विशेष घटल्या. ज्या गांवांत वेडी बाभूळ मुळींच नव्हती, जवळजवळ त्यांच्या पायरीवर हीं तीन गांवें आलीं. हा अभ्यास २०१७ सालीं प्रसिद्ध झाला.

वेडी बाभूळ आपल्या देशांत १८७७ च्या सुमारास बाहेरून आणिली गेली. उजाड मुलूख हिरवा व्हावा व जळण मिळावें, हा हेतु. तिच्या गोड शेंगा शेळ्यामेंढ्या आवडीनें खातात, बीं लेंडींतून रानोमाळ पडतें, आणि त्याला पाणी घालावें लागत नाहीं. माणगंगेचें पात्र, तलावांचीं गाळपेरीचीं रानें, गांवोगांवचीं गायरानें व पाणंदी यांतून तिनें कसें ठाण मांडिलें आहे, तें माणदेशांतील माणसास सांगावें लागत नाहीं. आमच्या नोकरीच्या काळांत सात-बारावर पड म्हणून लिहिलेल्या कित्येक नंबरांत पाय घालण्यास वाट उरली नव्हती. दुष्काळांत सर्व झाडें वाळून जातात तेव्हांही ही हिरवी असते, आणि तिला तुरे येतात. डासाच्या दृष्टीनें पाहिलें तर हें भर दुष्काळांत चालणारें अन्नछत्र होय.

गाजर गवताचीही तीच कथा. हें गवत पुण्यास १९५५ च्या सुमारास प्रथम नजरेस आलें, आणि आतां उकिरडा, रस्त्याची कड, शाळेचें पटांगण, कांहींच त्यानें सोडलेलें नाहीं. अंगाला खाज व दमा यांसाठीं तें बदनाम आहेच. केनियांतील संशोधकांस २०१५ सालीं असें आढळलें कीं, हिवतापाच्या डासाची मादी या गवताचा रस आवडीनें पिते आणि दुसरें कांहीं अन्न नसतांही त्यावर निभावते. एरंडाचें नांवही या यादींत आहे. त्याच्या पानाच्या देठाशीं ज्या बारीक गांठी असतात त्यांतून फुलावांचूनही गोड रस पाझरतो. मौज अशी कीं, हाच एरंड वाळूमाशीस मात्र बाधतो. इस्राएलमधील प्रयोगांत एरंड व बोगनवेल यांवर ठेविलेल्या वाळूमाश्या लवकर मेल्या, असें २००१ सालीं प्रसिद्ध झालें आहे. बिट्टीच्या, म्हणजे पिवळ्या कण्हेरीच्या, मधुरसावर पोसलेल्या डासांत हिवतापाच्या जंतूंची लागण कमी झाली, असा बुर्किना फासो देशांतील २०१६ सालचा दाखला आहे. तेव्हां झाड तितकें वाईट असें कोणी समजूं नये. प्रत्येक झाडाचा गुण निराळा आणि प्रत्येक कीटकाची प्रकृति निराळी. बिट्टीचें बीं माणसास व जनावरास जहर आहे हें मात्र ध्यानांत असूं द्यावें, आणि ही हकीकत वाचून कोणी ती गोठ्याशेजारीं लावूं नये.

मक्याचा संबंध थोडा निराळा आहे. मक्याचा तुरा झडतो तेव्हां पराग शेजारच्या डबक्यांत पडतो, आणि डासाच्या अळ्या तो खाऊन लवकर वाढतात व त्यांपासून धडधाकट डास निघतात. इथिओपियांत ज्या गांवांत मका दाट होता तेथें हिवतापही कित्येक पटींनीं अधिक आढळला. आपल्याकडे चाऱ्यासाठीं मका वाढत आहे. मका लावूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. पण घराच्या व विहिरीच्या लगतच्या पट्टींत मका असेल, तर तुरा येण्याच्या सुमारास तेथील डबकीं बुजविलेलीं असावींत.

आतां आपल्या तालुक्याचा विचार. माली व केनियांतील हिवतापाचा डास आपल्याकडे नाहीं. आपल्या खेड्यापाड्यांत हिवताप पसरविणारा मुख्य डास क्युलिसिफेसीस या जातीचा आहे. तो पाट, ओढ्यांतील सांचलेलें स्वच्छ पाणी व विहिरी यांत वाढतो, आणि माणसापेक्षां गुराचें रक्त त्यास अधिक आवडतें. म्हणून आफ्रिकेंतील टक्केवारी जशीच्या तशी येथें लावणें बरोबर होणार नाहीं. परंतु जंतूस १०-१२ दिवस लागतात हा नियम येथेंही तोच आहे, आणि गोड रसावांचून मादी फार दिवस जगत नाहीं हाही तोच.

दुसरी गोष्ट अशी कीं, आटपाडीचें पाणी बदललें आहे. ज्या टेंभू योजनेस १९९६ सालीं मान्यता मिळाली, तिचें कृष्णेचें पाणी कऱ्हाडाजवळून टप्प्याटप्प्यानें उचलून आतां या पर्जन्यछायेच्या मुलखांत येतें. तलाव भरतात, ओढे वाहतात, डाळिंबाच्या बागांना शेततळीं झालीं. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्यासाठीं लोक तळमळले, तें आलें याचा आनंद कोणास नाहीं? परंतु पाणी आलें म्हणजे डासांस पाळणा मिळाला. अन्नछत्र तर वेड्या बाभळीनें आधींच मांडून ठेविलें आहे. उरला जंतु. तोही येण्यास वाट आहे. आमच्या भागांतील शेंकडों कुटुंबांतील तरुण सोन्याचांदीच्या गलाई कामासाठीं देशाच्या कानाकोपऱ्यांत राहतात, आणि सणासुदीस, खरसुंडीच्या यात्रेस गांवीं येतात. ज्या मुलखांत हिवताप आहे तेथून आलेल्या माणसाच्या रक्तांत जंतु असूं शकतो, आणि कित्येकदां ताप मागाहून येतो. बाहेरगांवाहून आलेल्यास थंडी वाजून ताप भरला, तर अंगारे-धुपारे किंवा दुकानांतील गोळी यांवर न निभावतां प्राथमिक आरोग्य केंद्रांत बोटाचें रक्त तपासून घ्यावें. ही तपासणी व औषध तेथें फुकट मिळतें. २०३० पर्यंत देशांतून हिवताप घालवावयाचा, असें सरकारचें धोरण आहे. गडचिरोलीसारख्या जंगलभागांत तो अजून ठाण मांडून असल्यानें बाकीच्या जिल्ह्यांनीं त्यास नवी जागा न देणें हें तितकेंच महत्त्वाचें आहे.

वेड्या बाभळीचें काय करावें? सरसकट तोडून टाकावी, असें सांगणारे आम्हांस पुष्कळ भेटतात. ते बहुधा गॅसवर स्वयंपाक करणारे असतात. ज्या बाईची चूल या काट्यांवर पेटते, ज्या धनगराचीं मेंढरें उन्हाळ्यांत या शेंगांवर तगतात, त्यांस विचारल्यावांचून हा निर्णय होऊं नये. शिवाय नुसती तोडलेली वेडी बाभूळ बुंध्यापासून पूर्वीपेक्षां दाट फुटते, हा सर्वांचा अनुभव आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, गांवठाण, वस्ती, गोठा आणि शेततळें यांच्या लगतची बाभूळ मुळासकट काढावी, तीही पावसाळ्याच्या आधीं. दूरच्या गायरानांतील जळणासाठीं ठेवावी. मुळें काढणें ज्यास परवडत नाहीं त्यानें तुरे दिसूं लागतांच फांद्या छाटाव्या. मालींत त्याहून अधिक कांहीं केलें नव्हतें, आणि जळण तर घरांत येतेंच. हें काम एकट्यानें केल्यास निरर्थक आहे. शेजाऱ्याच्या बांधावरचे तुरे डासास चालतात. गाजर गवत फुलावर येण्यापूर्वीं उपटावें, हात झांकून.

डाळिंबाच्या बागाईतदारांस एक वेगळी सूचना. उललेलीं व सडकीं डाळिंबें बांधावर ढिगानें टाकण्याची चाल आहे. फुटलेल्या फळांवर डास रात्रीं येऊन रस पितात, आणि राखणदाराचें खोपट बहुधा त्याच बांधावर असतें. असलीं फळें खड्ड्यांत टाकून वर माती ओढावी. रोगट फळें पुरल्यानें बागेचाही फायदाच आहे. ज्याच्या जिवावर आपण रात्रीं निश्चिंत झोंपतों, त्या राखणदारास एक मच्छरदाणी द्यावी. तिची किंमत डाळिंबाच्या एका पेटीहून अधिक नाहीं.

डासाच्या या गोड खोडीचा उपयोग त्यास मारण्याकडेही करून पाहिला गेला आहे. साखरेच्या पाकांत विष मिसळून तो घराच्या भिंतीवर टांगावयाचा, अशी ही रीत. मालींत २०१६-१७ सालीं तिच्यानें डास पुष्कळ कमी झाले. परंतु पुढें झांबियांत मोठ्या प्रमाणावर प्रयोग झाला, तेव्हां रोग्यांची संख्या म्हणावी तशी उतरली नाहीं. ज्या ठिकाणीं रानांत फुलांचा सुकाळ आहे तेथें डास टांगलेल्या पाकाकडे कशास येईल, असें आम्हांस वाटतें. कोणी व्यापारी असला पाक विकावयास आला, तर पैसे देण्यापूर्वीं आरोग्य खात्यास विचारावें, आणि मधमाश्यांवर त्याचा काय परिणाम होतो हेंही विचारावें. डाळिंबाचें फूल मधमाशीनें धरतें. तिला मारून डास मारणें आपल्यास परवडणारें नाहीं.

शेततळ्यांत गप्पी मासे सोडणें हा उपाय जुना आहे व चांगला आहे. ते आरोग्य खात्याकडे मागितल्यास मिळतात, आणि थोड्याच दिवसांत त्यांची संख्या इतकी वाढते कीं शेजाऱ्यासही देतां येतात. मात्र तळ्याच्या कडेचें गवत पाण्यांत लोंबत असेल तर त्याच्या आडोशास अळ्या लपतात व मासे तेथें पोंचत नाहींत. म्हणून कड साफ ठेवावी, आणि तळें पूर्ण आटल्यावर पुन्हा भरतांना मासे नव्यानें सोडावे.